अन्नमय मन : आहार, उपवास आणि अन्नदान

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥

देवपूजेत स्नान, गंध, पुष्प, धूप, दीप असे अनेक उपचार होतात. परंतु नैवेद्य दाखविल्यावाचून पूजा पूर्ण झाली, असे कोणीही भाविक मानीत नाही. देवाला अन्नाची गरज नाही, हे सर्वजण जाणतात. तरीही पाण्याचे मंडल काढून, त्यावर पान मांडून, तुळशीपत्र ठेवून अन्न आधी देवासमोर येते आणि मगच प्रसाद होऊन माणसाच्या मुखी जाते. या नित्याच्या उपचारात पूर्वजांनी एक मोठी शिकवण साठवून ठेवली आहे. जे अन्न पोटात जाते, त्याचे केवळ रक्तमांस होत नाही. त्याचे मनही होते. म्हणून जे देवापुढे ठेवण्यास संकोच वाटेल, ते देहात घालतानाही माणसाने विचार करावा.

श्वेतकेतूचा पंधरा दिवसांचा उपवास

अन्न आणि मन यांचा संबंध छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात एका कथेतून सांगितला आहे. उद्दालक आरुणी या ऋषींचा पुत्र श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून परतला. विद्येबरोबर अभिमानही घरी आला होता. पित्याने त्याला शिकविले की, खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. स्थूल भाग मळरूपाने बाहेर जातो, मधला भाग मांस होतो आणि सर्वांत सूक्ष्म भाग मन होतो. पाण्याच्या सूक्ष्म भागापासून प्राण होतो.

पुत्राला हे पटेना. तेव्हा पित्याने वादविवाद केला नाही, प्रयोग करावयास लावला. पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र हवे तितके पी, कारण प्राण पाण्याच्या आधाराने राहतो, अशी आज्ञा झाली. पंधरा दिवसांनी श्वेतकेतू पित्यासमोर बसला. वेद म्हणून दाखव, असे सांगताच त्याला एकही मंत्र आठवेना. बारा वर्षांची विद्या जणू पुसून गेली होती. पित्याने त्याला जेवून येण्यास सांगितले. तो जेवला, परतला आणि जे विचारले ते सारे त्याने सांगितले. मोठ्या अग्नीतून काजव्याएवढी एकच ठिणगी उरावी, तिने काही जळू नये, आणि गवताची काडी देताच तीच पुन्हा धगधगून उठावी, असा दृष्टांत उद्दालकांनी दिला.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वेदासारखी पवित्र विद्याही उपाशी मेंदूत टिकत नाही. दुसरी अशी की, पित्याने पाणी बंद केले नाही. उपवासाची कठोर परीक्षा घेतानाही प्राणरक्षणाचे भान त्यांनी सोडले नाही.

आधुनिक काळातील साक्ष

याच सत्याची साक्ष विसाव्या शतकात एका निराळ्या भूमीत मिळाली. दुसरे महायुद्ध संपत आले असता युरोपातील भुकेकंगाल जनतेला पुन्हा कसे पोसावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आहार दिला गेला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती सुमारे ४० टक्के कमी झाली. परंतु त्याहून चिंतनीय बदल मनात झाला. धडधाकट, विचारी तरुण चिडचिडे, खिन्न आणि उदासीन झाले. मित्र, वाचन, चर्चा यांतील गोडी गेली आणि अहोरात्र अन्नाचेच विचार मनात घोळू लागले. हे तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. त्यांच्या मनाला लागणारे इंधनच त्यांना मिळत नव्हते.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. मन प्रसन्न व स्थिर ठेवण्यात ज्यांचा सहभाग आहे, त्यांपैकी सेरोटोनिन हे एक द्रव्य ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून बनते, आणि हा घटक शरीराला स्वतः तयार करता येत नाही. तो डाळी, दूध, तीळ, शेंगदाणे अशा अन्नातूनच यावा लागतो. त्याचे रूपांतर होण्यासाठी लोह आणि जीवनसत्त्वेही लागतात. लोह कमी पडले की थकवा, धाप आणि चिडचिड वाढते, चित्त एकाग्र होत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले की हातापायांस मुंग्या येतात, विसरभोळेपणा आणि औदासीन्य येते. हे जीवनसत्त्व धान्यात किंवा भाजीत नसते. म्हणून शाकाहारी भाविकांनी दूध, दही, ताक यांची उपेक्षा करू नये आणि अशी लक्षणे दिसल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी.

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याने ग्रस्त ६७ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी काहींना बारा आठवडे कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा इत्यादी सकस आहाराचे मार्गदर्शन मिळाले, तर इतरांना केवळ आपुलकीची सोबत मिळाली. आहार सुधारलेल्या गटात ३२ टक्के व्यक्तींचे नैराश्य ओसरले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि बहुतेकांचे औषधोपचारही चालू होते. म्हणून अन्न हे औषधाच्या जागी येते असा अर्थ कोणी घेऊ नये. मनाच्या उपचारात ताटालाही स्थान आहे, एवढा बोध मात्र निश्चित घ्यावा.

जठराग्नी हे नित्य यज्ञकुंड

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन आपणच चार प्रकारचे अन्न पचवितो. ज्याला आजचे शास्त्र चयापचय म्हणते, त्याकडे पाहण्याची ही भक्ताची दृष्टी आहे. अन्नपचन ही देहात चाललेली पूजा आहे आणि प्रत्येक घास ही आहुती आहे. यज्ञकुंडात ओली लाकडे कोंबली तर धूर होतो, समिधा मुळीच न टाकल्या तर अग्नी विझतो आणि अवेळी तूप ओतले तर ज्वाळा भडकते. आयुर्वेदाने जठराग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत सम अग्नी हेच आरोग्याचे लक्षण मानले आहे.

सकाळी रिकाम्या पोटी केवळ गोड चहा आणि बिस्किटे घेतली की रक्तातील साखर झपाट्याने चढते. ती उतरवण्यासाठी शरीरात इन्सुलिन स्रवते आणि थोड्याच वेळात अनेकांना पुन्हा भूक, सुस्ती व चिडचिड जाणवू लागते. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी असे अन्न सावकाश पचते आणि ऊर्जा संथपणे पुरविते. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे असताना जी धक्काबुक्की आणि वादावादी होते, तिचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसते, पोटात असते. देवाच्या दारी शांत चित्ताने पोहोचावे असे वाटणाऱ्या यात्रिकाने घरून निघताना किंवा निवासातून बाहेर पडताना बेताचे, सकस अन्न घ्यावे आणि पाणी जवळ ठेवावे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकारच्या आहारांचे वर्णन आहे. नवल असे की, त्या श्लोकांत एकाही पदार्थाचे नाव नाही. आयुष्य, बळ, आरोग्य आणि प्रसन्नता वाढविणारे ते सात्त्विक. अति तिखट, अति खारट, दाह करणारे आणि शेवटी दुःख व रोग देणारे ते राजस. शिळे, नासलेले, निःसत्त्व ते तामस. अन्नाचा प्रकार त्याच्या नावावरून ठरत नाही, परिणामावरून ठरतो. म्हणून उपवासाला चालते असे लिहिलेले पाकीट आपोआप सात्त्विक होत नाही. तळलेले, मिठाने भरलेले आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेले अन्न कोणत्याही तिथीला खाल्ले तरी आपला गुण दाखविल्यावाचून राहत नाही.

उपवास म्हणजे काय

उपवास या शब्दाचा मूळ अर्थ जवळ वास करणे असा आहे. ज्या दिवशी पोटाचा व्याप कमी करून मन देवाजवळ बसते, तो उपवास. निरोगी माणसाला एक दिवसाचे लंघन सहसा बाधत नाही. यकृतात साखरेचा साठा असतो, तो सुमारे एक दिवस पुरतो. पुढे चरबीपासून शरीर दुसरे इंधन तयार करते आणि मेंदू तेही वापरू शकतो. पेशी स्वतःतील जीर्ण भागांचा पुनर्वापर कशा करतात, याचा शोध यीस्ट या सूक्ष्म जीवात लावणारे जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आधारे एकादशीने सर्व रोग बरे होतात, असे सांगणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. व्रताचे मोठेपण वाढविण्यासाठी अशा दाव्यांची गरज नाही.

आजच्या उपवासाचे ताट पाहिले असता एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. ज्यापासून साबुदाणा बनतो तो कसावा, तसेच बटाटा, रताळे, मिरची आणि शेंगदाणा ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. पोर्तुगीज सागरमार्गाने १४९८ मध्ये भारतात आले, त्यानंतरच ती येथे रुजली. प्राचीन स्मृतिकारांना ती ठाऊकही नव्हती. साबुदाण्याच्या खिचडीला शास्त्राचा आधार नाही, रूढीचा आहे. साबुदाणा जवळजवळ केवळ पिष्टमय असतो. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नसतात. तो निषिद्ध आहे असे नव्हे. परंतु दिवसभर तेवढाच खाणे, तेही तुपातेलात, हे देहावर ओझे आहे. फळे, दूध, ताक, राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ यांचा अल्प आहार अधिक हितकर आहे. वरी म्हणजेच भगर जुनी किंवा दमट असल्यास तिच्यावर बुरशी धरते आणि विषबाधा होते. ती स्वच्छ, ताजी व बंद पाकिटातील घ्यावी, निवडून व धुऊन शिजवावी. तिचे पीठ दळून फार दिवस ठेवू नये.

औषधाने व्रत मोडत नाही

यात्रेत दरवर्षी असे प्रसंग घडतात की, मधुमेही भाविक इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेतो आणि वर उपवासही करतो. काही वेळाने घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलणे असंबद्ध होते आणि माणूस रांगेतच कोसळतो. दुसरा कोणी रक्तदाबाची गोळी घेतल्यास पाणी प्यावे लागेल म्हणून गोळीच टाळतो. भक्तीच्या भरात घेतलेला हा निर्णय कुटुंबाला आयुष्यभराचे दुःख देऊन जातो.

या बाबतीत धर्मशास्त्र अतिशय करुणामय आहे. ज्यांनी व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांचा स्पष्ट समावेश आहे. बालक, वृद्ध आणि रोगी यांना उपवासाच्या नियमात सवलत आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा आहे. द्वादशीचे पारणे वेळेवर होणे आवश्यक होते आणि अतिथी दुर्वास ऋषी नदीवर स्नानास गेलेले होते. अतिथीपूर्वी जेवावे तर मर्यादा मोडते, न जेवावे तर व्रत मोडते. राजाने जाणत्यांना विचारून केवळ पाणी प्राशन केले. दुर्वास कोपले, तरी भगवंताचे सुदर्शन राजाच्याच रक्षणास धावले. उपवास वेळेवर सोडणे हेही व्रताचेच अंग आहे, असे ही कथा सांगते.

म्हणून मधुमेही, हृदयरोगी व मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या माता यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास धरू नये, निर्जळी तर मुळीच करू नये. साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी स्थिती पाहावी. सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे. उन्हाने किंवा जुलाबाने थकवा आल्यास जलसंजीवनी द्यावी. ती न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. त्या वेळी उपवासाचा विचार करू नये.

घरातील अन्नपूर्णा उपाशी राहू नये

व्रतवैकल्यांचा सर्वाधिक भार घरातील स्त्री उचलते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र हे सारे ती निष्ठेने करते, आणि एरवीच्या दिवशीही सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. ती चिडते, तिला विसर पडतो, तिचे पूजेत लक्ष लागत नाही, असे घरचे लोक म्हणतात. परंतु श्वेतकेतूला मंत्र का आठवले नाहीत, हे उद्दालकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. ज्या अग्नीची ठिणगीच उरली आहे, तिला आणखी लंघन सांगणे हा धर्म नव्हे. तिला समिधा देणे हा धर्म आहे.

देव्हाऱ्यात अन्नपूर्णेची मूर्ती असते आणि चुलीपाशी दुसरी अन्नपूर्णा उभी असते. एकीला नैवेद्य दाखवून दुसरीला शिळ्यापाक्यावर ठेवणाऱ्या घराची पूजा अपुरीच राहते. घरच्या मंडळींनी तिच्यासह एकत्र जेवावे. पालेभाजी, बाजरी, नाचणी, तीळ, खजूर, मोडाची कडधान्ये तिच्या ताटात आधी यावीत. जेवणात लिंबू असावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा टाळावा, त्याने लोह वाया जाते. रक्त कमी असल्यास वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, आणि बळ येईपर्यंत नामस्मरणाचे व्रत धरावे. देवाजवळ वास करण्यास तेवढेही पुरते.

अन्नदानाचे पुण्य

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपला पिता वरुण याच्याकडे ब्रह्माचे ज्ञान मागतो. तप करून त्याला प्रथम अन्न हेच ब्रह्म असे कळते. पुढे प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद अशा पायऱ्या तो चढतो. एवढ्या उंचीवर पोहोचल्यावर उपनिषद थांबत नाही, ते पुन्हा अन्नाकडे वळते. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ वाढवावे, दारी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, अशी व्रते ते सांगते. आनंदब्रह्माचा साक्षात्कार झालेल्या पुरुषालाही भुकेल्याच्या ताटाचा विसर पडू नये, असा याचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील संतांनी हे आचरून दाखविले. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी राजाच्या कोपाची पर्वा न करता धान्याची कोठारे प्रजेसाठी उघडली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न भुकेल्यांना वाढले, असे त्यांच्या चरित्रकथा सांगतात. कीर्तनाचा काला तर सर्वांनी मिळून खाण्यासाठीच असतो. त्यात कोणाची शिदोरी कोणती, हे ओळखू येत नाही.

अन्नदान करणाऱ्या दात्यांनी पंगतीत किती पाने उठली, यासोबत त्या पानांत काय वाढले गेले, याचाही विचार करावा. तांदळात जो प्रथिनांचा घटक उणा असतो, तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो उणा, तो तांदळात. साधा वरणभात म्हणूनच परिपूर्ण जोडी आहे. त्यासोबत भाजी किंवा उसळ, लिंबाची फोड, ताक आणि बेताचे गोड असे ताट पक्वान्नांच्या राशीहून श्रेष्ठ होय. मधुमेही यात्रिकांसाठी बिनसाखरेचे काही अवश्य असावे. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात तासन्‌तास उघडे ठेवू नये, वाढणाऱ्यांनी हात स्वच्छ धुवावेत, पिण्याचे पाणी शुद्ध असावे. आपल्या अन्नाने कोणी आजारी पडू नये, ही दात्याची पहिली जबाबदारी आहे. यात्रिकांनीही पानात हवे तेवढेच घ्यावे. टाकलेल्या घासात शेतकऱ्याचे श्रम, दात्याची श्रद्धा आणि कोणा भुकेल्याचा वाटा असतो.

मूर्तीचे मंदिर दगडाचे असते, त्याची डागडुजी करता येते. देहाचे मंदिर रोजच्या अन्नाने उभे राहते आणि त्यात मनाचा दिवा तेवतो. त्या दिव्यात तेल अति झाले तरी ज्योत बुडते, आणि आटले तरी ती विझते. प्रसादाचा घास हाती घेताना यात्रिकाने क्षणभर थांबून हे देवाचे देणे आहे असे स्मरावे, सावकाश खावे, घरी परतल्यावर आपल्या माउलीचे पान आधी वाढावे आणि एक घास भुकेल्यासाठी राखावा. असे घडल्यास यात्रा सफल झाली असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥